ओलोत ते समुद्र: जिरोनाच्या जुन्या रेल्वेमार्गावरील सायकलवाटेचे परीक्षण

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालुन्यात, ओलोत या डोंगराळ भागातल्या गावापासून निघणारी आणि जिरोना शहरातून भूमध्य समुद्रकाठच्या सांत फेलिऊ द गिशोल्सपर्यंत पोहोचणारी सायकलवाट कोकणातल्या सायकलस्वाराने आयुष्यात एकदा तरी अनुभवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र आपल्याकडे आहे, डोंगर आहेत, टुमदार गावेही आहेत. त्यांच्यासाठी इतक्या लांब जाण्याची गरज नाही. जावे ते त्या वाटेच्या सौम्य चढासाठी. हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्यापर्यंत सागरी महामार्गाने सायकल चालवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे की, आपल्या किनाऱ्यावर खाडी आली की रस्ता उतरतो आणि खाडी ओलांडली की लगेच सड्यावर चढतो. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरा किंवा तवसाळहून जयगडला, धक्क्यावरून बाहेर पडताच अंगावर येणारी घाटी चुकत नाही. अशा रस्त्यांवर घडलेल्या पायांना जिरोनाची ही वाट काय देते, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

ही वाट म्हणजे दोन बंद पडलेल्या अरुंद रेल्वेमार्गांचे रूपांतर आहे. ओलोत ते जिरोना हा पहिला भाग सुमारे ५५ किलोमीटरचा आणि जिरोना ते सांत फेलिऊ हा दुसरा भाग सुमारे ४० किलोमीटरचा. समुद्राकडचा रेल्वेमार्ग १८९२ मध्ये सुरू झाला. त्या परिसरात बुचाच्या झाडांची वने आहेत, बाटल्यांची बुचे बनवण्याचा उद्योग तिथे भरभराटीला आलेला होता आणि तो माल बंदरापर्यंत नेण्याची गरज होती. डोंगराकडचा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत १९११ मध्ये ओलोतला पोहोचला. दोन्ही मार्गांच्या रुळांमधले अंतर अवघे ७५ सेंटिमीटर होते आणि मोटारवाहतूक वाढल्यावर दोन्ही १९६९ मध्ये बंद झाले. पुढे अनेक वर्षे ती जमीन रिकामी पडून होती. स्पेनमध्ये अशा जुन्या रेल्वेमार्गांना पायवाटा आणि सायकलवाटा करण्याचा देशव्यापी उपक्रम १९९३ मध्ये सुरू झाला. विआस वेर्देस, म्हणजे हरित मार्ग, या नावाने तो ओळखला जातो आणि आज त्याखाली तीन हजार किलोमीटरहून अधिक मार्ग तयार आहेत. जिरोना परिसरातील मार्गांची देखभाल तिथल्या स्थानिक संस्थांनी मिळून स्थापन केलेले एक मंडळ करते, आणि ही देखभाल जागोजागी दिसते.

रेल्वेचा मार्ग सायकलला इतका मानवतो याचे कारण साधे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार पकड घेत नाही, म्हणून गाडीला तीव्र चढ चढता येत नाही आणि अभियंत्याला डोंगराच्या कडेकडेने, वळणे घेत, हळूहळू उंची गाठावी लागते. आपल्या कोकण रेल्वेचा चढ दीडशे मीटरला एक मीटर इतका सौम्य राखलेला आहे आणि त्याची किंमत म्हणून रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा खोदावा लागला. जिरोनाच्या त्या छोट्या गाडीला अरुंद रुळांमुळे अधिक तीव्र वळणे घेता येत होती. त्यामुळे तिथल्या लोकांनी बोगदे टाळून डोंगराला वळसे घातले, आणि म्हणूनच आज सायकलस्वाराला अंधारातून न जाता दरीचा देखावा पाहत उतरता येते. चढ बहुतेक ठिकाणी शंभर मीटरला दोन मीटरच्या आसपासच राहतो. आमच्याबरोबर पत्नीची साठी ओलांडलेली आत्या होती. त्या गुहागरच्या असून सायकल नियमित चालवतात, पण जयगडच्या घाटीत त्या दर वेळी उतरून चालतात. या संपूर्ण वाटेवर चढामुळे त्यांना एकदाही उतरावे लागले नाही. चिपळूणच्या आमच्या मित्राचा दहा वर्षांचा मुलगाही शेवटपर्यंत स्वतःच्या बळावर आला. या दोन गोष्टी मला या वाटेच्या गुणवत्तेचा सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतात.

दिशा निवडताना ओलोतहून समुद्राकडे यावे. सुरुवातीला गाव सोडल्यावर एन बास नावाच्या सपाट खोऱ्यातून, मक्याच्या शेतांमधून आणि दगडी घरांच्या वस्त्यांजवळून वाट जाते. मग एक लांब पण हलका चढ चढून ती खिंडीत पोहोचते आणि तिथून जिरोनापर्यंत जवळजवळ सगळा उतारच आहे. हा परिसर ज्वालामुखींचा आहे. ला गारोचा या संरक्षित निसर्ग उद्यानात सुमारे ४० ज्वालामुखींचे शंकू आहेत आणि त्यांतला शेवटचा उद्रेक दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भूगर्भाच्या हिशेबात ही अगदी अलीकडची घटना आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि आपला जांभा त्याच पाषाणाच्या झिजेतून तयार झालेला. तिथे मात्र शंकूंची उंची आणि मुखांची गोलाई अजून शाबूत दिसते. ओलोतजवळ लाव्ह्याच्या थरावर वाढलेले फागेदा देन जोर्दा हे बीच वृक्षांचे जंगल आहे. ते सायकलवाटेपासून थोडे बाजूला पडते, परंतु अर्धा दिवस त्याच्यासाठी राखून ठेवावा. लाव्ह्याच्या उंचसखल ढिगाऱ्यांवर वाढलेली ती सरळसोट झाडे पाहताना देवरुख-संगमेश्वर परिसरातल्या देवराया पाहिलेल्या माणसाला एकाच वेळी ओळखीचे आणि अनोळखी वाटते.

खिंडीनंतरचा सांत फेलिऊ द पायेरोल्स, लेस प्लानेस दोस्तोलेस आणि आमेर या गावांवरून जाणारा उतार हा संपूर्ण प्रवासातला सर्वोत्तम तुकडा आहे. ओढा कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला येतो. रेल्वेसाठी बांधलेले पूल तसेच वापरात आहेत. डोंगराची कापलेली कड दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकली गेल्यामुळे दुपारीही सावली मिळते. पॅडल फार मारावे लागत नाही आणि ब्रेकही फार दाबावा लागत नाही. वेग आपोआप ताशी १५ ते २० किलोमीटरच्या आसपास राहतो, आणि या वेगात शेजाऱ्याशी बोलत जाता येते. कोकणातल्या रस्त्यांवर दोन सायकली शेजारीशेजारी चालवत गप्पा मारणे हे जवळजवळ अशक्य झाले आहे. मागून डंपर येत नाही ना, याकडे सतत कान लावून बसावे लागते. आपले कान इतकी वर्षे किती ताणलेले होते, हे त्या उतारावर पहिल्या तासाभरात लक्षात येते. वाहनविरहित मार्गाचा खरा लाभ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी सुरक्षिततेच्याही आधी या निवांतपणाचे नाव घेईन.

आमेरनंतर वाट तेर नदीच्या खोऱ्यात उतरते आणि तिचे रूप बदलते. आंग्लेस, बेस्कानो ही जुन्या कापडगिरण्यांची आणि जलविद्युत केंद्रांची गावे आहेत. वाट कुठे कारखान्याच्या भिंतीलगत, कुठे कालव्याच्या काठाने, तर कुठे साल्तजवळच्या भाजीमळ्यांमधून जाते. हा भाग सुंदर आहे असे मी म्हणणार नाही, पण कंटाळवाणाही नाही.

जिरोना शहर ओलांडणे हा या मार्गाचा उघड दोष आहे. साल्तपासून जिरोनाच्या पलीकडे पोहोचेपर्यंत जुन्या रेल्वेची जमीन शहराने केव्हाच गिळली आहे, म्हणून सायकलस्वाराला शहरी सायकलपट्ट्या, चौक आणि काही ठिकाणी साधे रस्ते वापरावे लागतात. खुणा आहेत, पण त्या विरळ आहेत. दोन चौकांत आमचा गट विखुरला आणि एकमेकांना शोधण्यात वेळ गेला. ज्या मार्गाची ख्याती वाहनविरहित अशी आहे, त्याने लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना या तुकड्याची आधीच ठळक सूचना द्यायला हवी. इथे सायकलवरून उतरून पायी चालणे उत्तम, आणि जुने शहर, त्याचा तट, ओन्यार नदीकाठची रंगीत घरे व कॅथेड्रलच्या पायऱ्या पाहण्यासाठी नाहीतरी पायीच चालावे लागते. या शहरात जगभरातले व्यावसायिक सायकलपटू सरावासाठी राहतात. त्यामुळे दुरुस्तीची दुकाने भरपूर आहेत आणि वाहनचालक सायकलला मान देतात.

जिरोनापासून समुद्रापर्यंतचा दुसरा भाग अधिक सपाट, अधिक उघडा आणि अधिक गर्दीचा आहे. क्वार्त हे कुंभारकामासाठी ओळखले जाणारे गाव, पुढे कासा दे ला सेल्वा आणि यागोस्तेरा ही बुचाच्या उद्योगाची गावे, मग सांता क्रिस्तीना दारो आणि शेवटी बंदर असा हा क्रम आहे. यागोस्तेरापर्यंत हलका चढ आणि त्यानंतर समुद्राकडे उतार आहे. रविवारी सकाळी इथे कुटुंबे, कुत्रे, धावणारे आणि विजेच्या सायकली यांची एवढी दाटी होते की घंटी नसलेली सायकल घेऊन जाऊच नये. रस्ता ओलांडण्याच्या जागाही पहिल्या भागापेक्षा जास्त आहेत. मोठ्या रस्त्यांवर पूल किंवा भुयारी वाट आहे, पण शेतरस्ते आणि छोटे मार्ग जमिनीवरूनच ओलांडावे लागतात आणि तिथे थांबण्याची जबाबदारी सायकलस्वाराची आहे. वाहने आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी लाकडी खांब रोवलेले असतात. मागे ओढगाडी जोडलेल्या सायकलींनी त्यांच्यामधून जाताना सावध राहावे.

वाटेचा पृष्ठभाग बहुतांशी दाबून बसवलेल्या ग्रॅनाइटच्या भरड वाळूचा आहे. कोरड्या दिवसांत तो डांबरापेक्षा मऊ आणि सुखकारक वाटतो, परंतु जोरदार पावसानंतर उतारावर चर पडतात आणि वळणांवर सुटी खडी साचते. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर इथे योग्य ठरतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर घेऊन येऊ नये. हाच पृष्ठभाग आपल्याकडे वापरावा, असे परत आल्यावर काही मित्रांनी सुचवले. मला ते पटत नाही. जिरोनाला वर्षभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा रत्नागिरीत जुलैच्या काही आठवड्यांत पडतो, आणि बाजूला खोल गटार व खाली दगडी भराव असल्याशिवाय अशी वाट एका पावसाळ्यात वाहून जाईल. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी किंवा मोठ्या उतारांवर काँक्रीट हाच टिकाऊ उपाय आहे.

सायकल भाड्याने देणारी दुकाने जिरोना आणि ओलोत या दोन्ही ठिकाणी आहेत. साध्या प्रवासी सायकलीला दिवसाला साधारण २० ते ३० युरो पडतात, विजेच्या सायकलीला त्याहून जास्त, आणि वाट वापरण्यासाठी मात्र काहीही शुल्क नाही. अनेक दुकाने सायकल एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करण्याची, तसेच सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवण्याची सोय करतात. ही सोय जरूर घ्यावी. आम्ही ज्या दुकानातून सायकली घेतल्या, त्यांनी दिलेल्या एका सायकलीचे मागचे ब्रेकपॅड झिजलेले होते आणि ते निघण्याआधी नव्हे तर उतारावर लक्षात आले. लेस प्लानेसला थांबून ते बदलावे लागले. म्हणून सायकल हातात घेतल्यावर दोन्ही ब्रेक, गिअर आणि टायर स्वतः तपासावेत आणि पंक्चरचे साहित्य व हातपंप मागून घ्यावेत. आपल्या सरासरी उंचीच्या माणसांना तिथल्या सायकली मोठ्या पडतात. फ्रेमचे माप आरक्षणाच्या वेळीच कळवले, तर ही अडचण येत नाही.

जुन्या स्थानकांच्या इमारती हे या वाटेचे मोठे सुख आहे. त्यांतल्या काही माहिती केंद्रे झाल्या आहेत, काही उपाहारगृहे, आणि दर काही किलोमीटरवर एक तरी अशी जागा येते. पिण्याच्या पाण्याचे नळ गावोगाव आहेत. दुपारची जेवणे मात्र एक ते साडेतीनच्या दरम्यानच मिळतात आणि त्यानंतर रात्री साडेआठपर्यंत स्वयंपाकघर बंद असते, हे आपल्याकडच्या माणसाला जड जाते. शाकाहारी व्यक्तींना टोमॅटो चोळलेला पाव, सांता पाऊ या गावच्या पांढऱ्या घेवड्याचे पदार्थ आणि एस्कालिवादा, म्हणजे भाजलेली वांगी व ढोबळी मिरची तेलात घालून केलेला पदार्थ, यांवर व्यवस्थित भागवता येते. एस्कालिवादा खाताना आत्यांना आपल्या भरताची आठवण आली आणि सोबत भाकरी हवी होती असे त्या म्हणाल्या. पदार्थ सांगताना त्यात डुकराचे मांस नको हे स्पष्ट सांगावे, कारण घेवड्यातही ते सर्रास असते. मासे खाणाऱ्यांनी किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत भूक राखून ठेवावी. सांत फेलिऊला विस्तवावर भाजलेली तारली मिळते आणि जवळच्या पालामोसची लाल कोळंबी त्या साऱ्या किनाऱ्यावर नावाजलेली आहे. तिथे कोळंबी फक्त मीठ लावून तव्यावर परततात. हर्णै बंदरावर ताजे मासे लिलावातून घेणाऱ्या माणसालाही ती चव मान्य करावी लागेल.

ज्यांच्याकडे अधिक दिवस आहेत, त्यांनी पालामोस ते पालाफ्रुजेल हा सहा किलोमीटरचा छोटा मार्गही जोडावा. वालेन्सियाच्या बाजूचा ओखोस नेग्रोस हा मार्ग मात्र वेगळ्या प्रकृतीच्या लोकांसाठी आहे. लोहखनिज खाणीतून सागुंतो बंदरापर्यंत नेण्यासाठी १९०७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९७२ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेवरचा तो स्पेनमधला सर्वांत लांब हरित मार्ग आहे. गावे दूरदूर आहेत, सावली कमी आहे आणि पाण्याचा साठा स्वतः वाहावा लागतो. मुले बरोबर असतील तर जिरोनाच निवडावे.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. कोकणात बंद पडलेला असा रेल्वेमार्ग नाही, त्यामुळे जिरोनाची नक्कल करणे शक्य नाही. पण रिकामे झालेले रस्ते आपल्याकडे तयार होत आहेत आणि त्यांच्याकडे कोणी या दृष्टीने पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुन्या कशेडी घाटातली वाहतूक ओसरली आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात अनेक गावांजवळ जुनी वळणे बाजूला पडली आहेत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. ते पूल पूर्ण झाल्यावर फेरीबोटीच्या धक्क्यांकडे जाणारे रस्ते शांत होतील. त्यांतले काही तुकडे सायकल व पादचाऱ्यांसाठी राखून ठेवणे आणि प्रत्येक नव्या पुलावर कठड्यापलीकडे दोन मीटरची वेगळी पट्टी देणे हे आत्ता, आराखडा कागदावर असताना, स्वस्तात होऊ शकते. पूल उभा राहिल्यावर ते जवळजवळ अशक्य होईल. खाजण, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या, जमिनींचे बांध हाही एक सपाट, वाहनविरहित वारसा आहे, मात्र तिथे शेतकऱ्यांची संमती आणि बांधांची दुरुस्ती आधी यायला हवी. आपले घाट रेल्वेइतके सौम्य होणार नाहीत. तरीही सलगता, ठळक खुणा, ओलांडण्याच्या सुरक्षित जागा आणि दर सात-आठ किलोमीटरवर पाणी व सावली या चार गोष्टी जिरोनाकडून जशाच्या तशा घेता येतील.

जाण्याचा काळ एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड असते. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि मुंबईत भेटीची वेळ मिळण्यास विलंब होतो, म्हणून तीन-चार महिने आधी अर्ज करावा. बार्सिलोनाहून जिरोनाला वेगवान रेल्वे चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवते, पण तिच्यात सायकल नेण्यावर निर्बंध आहेत. स्वतःची सायकल असेल तर साध्या प्रादेशिक गाडीने जावे. जिरोनाहून ओलोतला बस आहे, परंतु बसमध्ये सायकलींना जागा थोडी असते, म्हणून सहा जणांच्या गटाने दुकानदाराची व्हॅन ठरवणे सोयीचे. सांत फेलिऊला आज रेल्वे नाही. परतण्यासाठी बस किंवा व्हॅन घ्यावी लागते, नाहीतर आलेल्या वाटेनेच जिरोनाला मागे यावे. समुद्राकडून यागोस्तेरापर्यंतचा चढ सकाळच्या गारव्यात दीड-दोन तासांत आरामात होतो, त्यामुळे बंदरावर एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लवकर निघणे मला अधिक पसंत आहे.